केळकरांच्या जीपची ओळख परेड

जुनी जीप खोलून परत जोडली की दोन-चार नट-बोल्ट हमखास उरतात. ते कुठले, हे कोणालाच सांगता येत नाही आणि टाकून द्यायचीही हिंमत होत नाही. मग त्यांच्यासाठी एक डबा ठेवावा लागतो. आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठत गेलेत. आज डबा उपडा करते.

ग्रुप कोथरूडचा. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या बाळगणाऱ्यांचा. 'बाळगणाऱ्यांचा' म्हणते आहे, 'चालवणाऱ्यांचा' नाही! चालते ती एकटी माझी, वडिलांनी मागे ठेवलेली. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून ग्रुपमध्ये सगळे मला आदराने 'मॅडम' म्हणतात आणि तेवढ्याच आदराने माझ्याकडे दुर्लक्ष करतात.

ग्रुपचा एकच नियम. कोणीही गाडीचा पार्ट परस्पर आणायचा नाही. आधी ओळख परेड! म्हणजे रविवारी सकाळी सगळ्यांनी आळीपाळीने गाडीखाली आडवं व्हायचं, पुढचा ॲक्सल बघायचा, स्टेअरिंगचे दांडे हलवायचे आणि हा माल कुठल्या मॉडेलचा, ते सांगायचं. या गाड्यांचे अवयव आयुष्यात इतक्या वेळा बदललेले असतात, की कागदावर नाव एकीचं, ॲक्सल दुसरीचा आणि स्टेअरिंग तिसरीचं. ओळख चुकली की पार्ट चुकीचा येतो. म्हणून परेड, आणि परेडनंतर पोहे. पोह्यांच्या ओळखीवरून मात्र आजवर वाद झालेला नाही.

* * *

परेडचे प्रमुख दीक्षित सर. कुठल्याशा कारखान्यात मोठे इंजिनीअर होते. निवृत्त झाले, पण तिथली केबिन अजून डोक्यावर घेऊन फिरतात.

सर ॲक्सल बघत नाहीत. डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवतात. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा इतकी गंभीर नसतात. मग हात पुसत बाहेर येतात आणि निकाल सांगतात. निकालावर अपील नाही.

एकदा वानखेडेच्या जीपखालून बाहेर येऊन त्यांनी असाच निकाल दिला. वानखेडे अमरावतीकडचा, आयटीतला, ग्रुपमधला सगळ्यात तरुण. तो भक्तिभावाने फोनवर टाइप करून घेत होता. तेवढ्यात मी फडक्याने ॲक्सलच्या नळीवरचं ग्रीस पुसलं. खाली कंपनीचा ठोकलेला नंबर निघाला. दुसऱ्याच मॉडेलचा!

सरांनी चष्मा लावला. परत आडवे झाले. नंबर नीट वाचला.

"नंबर चुकीचा मारलाय," सर म्हणाले. "त्या काळी फॅक्टरीत वाट्टेल ती माणसं भरायचे!"

* * *

त्या दिवसापासून वानखेडेने विज्ञानाची कास धरली. फोनमध्ये फोटो काढायचा आणि त्यालाच विचारायचं. जुन्या प्रकारच्या ॲक्सलला चाकाजवळ एक मोठा गोल गोळा असतो, त्याच्या आत वळायचा सांधा लपलेला असतो. वानखेडेने त्या गोळ्याचा फोटो काढला.

फोन म्हणाला, "हंडा. पाणी साठवण्यासाठी. वापरलेला."

आम्ही हसून हसून लोळलो. वानखेडे मात्र गंभीर. "हसून नका राहू मॅडम. वापरलेला हाय, हे तर त्यानं बराबर ओळखलं ना!"

खरं सांगायचं तर त्या दिवशी सरांपेक्षा फोनच उत्तराच्या जवळ होता.

* * *

आता केळकर. हे सगळे किस्से शेवटी त्यांच्याच दारात येऊन थांबतात.

केळकर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन, कोणी सांगेल तसं वळणारे. त्यांची जीप क्रेनला लटकून सोसायटीत आली आणि पार्किंगमध्ये जी बसली ती बसलीच. इंजिन सुरू व्हायचं, पण पुढच्या चाकांचे सांधे गंजून इतके घट्ट, की स्टेअरिंग जागचं हलत नव्हतं. रोज संध्याकाळी केळकर चहाचा कप घेऊन ड्रायव्हर सीटवर जाऊन बसायचे. समोर सिमेंटची भिंत. तरी चेहऱ्यावर असा आनंद, की घाटच उतरताहेत.

वहिनी कधी शेजारी बसल्या नाहीत. "चालली की बसेन," म्हणायच्या. "उभ्या गाडीत बसून भिंत बघायला मला घरात खुर्ची आहे."

आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरी परांजपेबाईंनी पार्किंगमध्ये एक मोठा फलक उभा केला. लोखंडी पायांचा, पक्क्या रंगातला. त्यावर लिहिलं होतं, 'जे वाहन चालत नाही ते वाहन नसून अडगळ आहे. अडगळ ठेवू नये. का, हे विचारू नये.'

केळकर तरी विचारायला गेले. परांजपेबाईंनी मुदत दिली दसऱ्याची. दसऱ्याला जीप स्वतःच्या ताकदीने गेटपर्यंत गेली तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. रविवारी एवढं सांगून केळकर पोह्यांना न थांबता घरी गेले. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट असावी.

* * *

मुदत डोक्यावर, म्हणून परेड जोरात सुरू झाली. ॲक्सल कुठला, हे त्याच्या गिअरवरून ठरवायचं सरांच्या मनात आलं. रीत सोपी आहे. चाकाला खडूने खूण करायची, चाक एक फेरा फिरवायचं आणि तेवढ्यात मधला लांब शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजायचं. फक्त दोन्ही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. एकच उचललं तर उत्तर निम्मं येतं.

आमच्याकडे जॅक एकच. उत्तर निम्मं आलं.

"असा गिअर जगात नाही!" सर हर्षभरित झाले. "म्हणजे खास लष्करासाठी बनवलेला. गुप्त!"

"सर, दुसरं चाकही उचला," मी म्हटलं.

"मॅडम, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं."

मी माझ्या गाडीतला जॅक काढून दुसरं चाक उचललं. परत मोजलं. नेहमीचा, कुठल्याही जुन्या जीपला असतो तसा आकडा आला. मी सरांकडे बघितलं. सर जराही हलले नाहीत.

"बघा," ते वानखेडेला म्हणाले, "जरा फिरून मोकळा झाला की कसा खरं बोलतो!"

* * *

मग नाना पेठ, गाड्यांच्या पार्टचा बाजार. स्टेअरिंगच्या आडव्या दांड्याच्या दोन टोकांपैकी एक बदलायचं होतं. त्यातल्या एकाचे आटे उजवे असतात, दुसऱ्याचे डावे. दुकानदाराने केळकरांना विचारलं, "घरी एक शाबूत आहे ना? मग डावं देऊ की उजवं?"

इथे केळकरांची अडचण सांगायला हवी. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, 'ज्या हाताने जेवतो तो उजवा.' केळकर डावखुरे! बाईंचा शब्द त्यांनी आजतागायत मोडलेला नाही. उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळतात, डावीकडे म्हटलं की उजवीकडे. त्यांच्या कारमध्ये वहिनी कधीही डावं-उजवं बोलत नाहीत. 'माझ्या बाजूला' आणि 'तुमच्या बाजूला' एवढ्यावर त्यांचा संसार सुखाने चाललाय.

केळकरांनी विचार केला, जेवायचा हात आठवला आणि ठामपणे सांगितलं, "उजवं."

घरी आलो. दोन्ही टोकं सारखीच! परत नाना पेठ. दुकानदाराने पार्ट हातात घेतला, केळकरांकडे बघितलं आणि विचारलं, "या वेळी घरून कोणी मोठं माणूस आलंय का?"

* * *

दसऱ्याच्या आदल्या रविवारी चाकांचे सांधे खोलले. धुतले, घासले, नवे बेअरिंग टाकले. दोन्ही सांधे दिसायला सारखे, म्हणून गोंधळ नको. सर म्हणाले, "केळकर, रंगाने खुणा करा. डाव्यावर 'डा', उजव्यावर 'उ'."

हो, केळकरांना सांगितलं!

वानखेडेने खुणा बघून निष्ठेने जोडणी केली. मी पेपर तपासून दुपारी पोचले तोवर काम संपलं होतं. मला एवढंच दिसलं की आमच्या बाकीच्या गाड्यांत चाकांना जोडणारा आडवा दांडा ॲक्सलच्या मागे असतो, आणि इथे तो पुढे आला होता. म्हणजे चाकं मागून ओढायची ती आता पुढून ओढली जाणार.

"सर, हा दांडा पुढे कसा?" मी विचारलं.

सरांनी डोळे मिटले. दांड्यावरून हात फिरवला. त्यांचा आवाज भरून आला.

"केळकर, तुम्हाला कल्पना नाही तुमच्या दारात काय उभं आहे! असा नमुना मी फक्त ऐकून होतो. दुर्मिळ आहे हो, दुर्मिळ!"

केळकरांच्या डोळ्यांत पाणी. आता खोलून बघा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. तरी म्हटलं, "निदान जॅकवर फिरवून तरी बघा."

केळकरांनी स्टेअरिंग फिरवलं. वानखेडे चाकाशी बसला होता. तो ओरडला, "फिरते सर, फिरते!"

टाळ्या पडल्या. कुठल्या बाजूला फिरते, हे कोणी विचारलं नाही. पोहे आले होते.

* * *

दसऱ्याची सकाळ. जीपला झेंडूचा हार. बाल्कन्यांत सगळी सोसायटी. परांजपेबाई हाताची घडी घालून फलकाशेजारी उभ्या. वहिनी सिल्कची साडी नेसून गेटपाशी थांबलेल्या.

केळकरांनी देवाचं नाव घेतलं आणि पहिला गिअर टाकला. जीप खोकली, थरथरली आणि चक्क पुढे सरकली! समोरच उजव्या हाताला परांजपेबाईंची नवी कोरी पांढरी कार. बाई धावल्या.

"डावीकडे घ्या! केळकर, डावीकडे!"

केळकरांनी घाबरून स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. जीप डावीकडे वळली.

"अजून डावीकडे!"

केळकरांनी अजून उजवीकडे फिरवलं. जीप कारला वळसा घालून अगदी हळुवारपणे निघाली.

"आता उजवीकडे! गेट उजवीकडे आहे!"

केळकरांनी डावीकडे फिरवलं. जीप उजवीकडे वळली आणि वहिनींच्या पुढ्यात जाऊन थांबली. बाल्कन्यांतून शिट्ट्या! केळकर दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून लहान मुलासारखे हसत होते. वहिनी पदर सावरून शेजारी चढून बसल्या. मी भर चौकात रडत नाही, पण पार्किंगमध्ये कोण बघतंय!

परांजपेबाई फलकाकडे परत गेल्या. एकदा फलक वाचला, एकदा जीपकडे बघितलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "वाहन आहे."

इथेच थांबायला हवं होतं. पण दीक्षित सर पुढे झाले.

"केळकर, उतरा जरा. बागेभोवती एक राउंड मारून बघतो. जाणकाराने एकदा तपासलेलं बरं."

कोणी सांगेल तसं वळणारे केळकर उतरले. वहिनी बसूनच राहिल्या. सर चढले, आरसा नीट केला, गिअर टाकला. बाग डावीकडे. सरांनी झोकात स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. जीप उजवीकडे निघाली. सरांनी अजून डावीकडे फिरवलं. जीप अजून उजवीकडे. सर सगळा जीव एकवटून डावीकडे ओढत होते आणि जीप तितक्याच निश्चयाने फलकाकडे चालली होती. परांजपेबाई बाजूला झाल्या. फलक झाला नाही.

धूळ खाली बसली. हाराची फुलं सगळीकडे. वहिनींनी साडीवरची पाकळी झटकली. सरांच्या हातात स्टेअरिंग अजून पूर्ण डावीकडे वळलेलं.

परांजपेबाई आल्या. आडव्या पडलेल्या फलकाकडे बघितलं, मग सरांकडे.

"दीक्षित, खाली उतरा," त्या म्हणाल्या. "केळकरांनाच चालवू द्या. तुम्हाला डावं-उजवं कळत नाही."