पिल्लांच्या पायाला कामट्या

आमच्या सात पिढ्यांनी मेंढरं राखली, त्यामुळे कोंबड्यांतलंही मला कळतं, असा माझा समज होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी माळेगावला कारकून. शनिवारी वरकुट्याला घरी आलो, तर बायकोच्या, म्हणजे शोभाच्या खुडूक कोंबडीखाली नुकतीच पिल्लं निघालेली. माहेरच्या गावाहून, डाळजहून, तिनं एसटीनं तेरा अंडी आणली होती. दहा हादऱ्यांनी वाया गेली, जगली ती ही तीन. त्यांच्याकडं ती इतक्या मायेनं बघत होती, की लग्नातसुद्धा माझ्याकडं तसं बघितलं नव्हतं!

रविवारी सकाळी ती ओरडली, "अवो, ह्येचं पायच फाकल्यात!"

एक पिल्लू वेताच्या पाटीत पोटावर पसरलेलं. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला! उठायला बघायचं आणि घसरायचं. पाण्यापर्यंत पोचता येईना.

"उभं न्हाय ऱ्हायलं तर मरंल वं ते!" ती म्हणाली.

"भिऊ नगं. मेंढरं राखल्याली हाईत आमी!" (मी आयुष्यात एकही राखलं नव्हतं.)

कोकराचा पाय मोडला की आबा, म्हणजे माझे वडील, कामट्या लावून चिंधीनं बांधत. मी आगपेटीतल्या काड्या घेऊन पिल्लाचे पाय बांधले. पाय सरळ झाले आणि पिल्लू उताणं पडलं! तोवर दुसऱ्याचे पाय फाकले. मग तिसऱ्याचे!

"साथ आलीय साथ!" मी किंचाळलो. कोंबडीनं मनगटावर चोच मारली. शोभा रडायला लागली. खरं सांगतो, माझीही पाचावर धारण बसली.

गलका ऐकून आबा आले. त्यांनी पिल्लू उचलून पाय चाचपले.

"मोडलाय का ह्यो?"

"न्हाय..."

"मग कामट्या कशाला? आन् पाटीत खाली काय हातरलंय?"

कालच मी पाटीतला भुसा काढून गुळगुळीत कॅलेंडरची पानं अंथरली होती. घाण नको म्हणून!

"अरं, तुला शेवाळावर उभं केलं तर तुजं पाय कुठं जात्याल?"

शोभानं माझ्याकडं एकदाच बघितलं. (त्यापेक्षा चोच बरी!) मग तिनं पानं ओढून काढली, गोणपाट टाकलं, काड्या सोडल्या. आबांनी सांगितलं तसे प्रत्येक पिल्लाचे दोन्ही पाय लोकरीच्या धाग्यानं सैलसर बांधले, मधे बोटभर अंतर ठेवून. चोच बुडवून बुडवून पाणी पाजलं. मी सोमवार-मंगळवार रजा टाकली आणि शेजारी बसून राहिलो.

दोन पिल्लं लवकर सावरली. सगळ्यात मरतुकडं होतं ते मंगळवारी उठलं, डुगडुगलं आणि चार पावलं टाकून पाण्यापर्यंत गेलं. शोभा हसली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघ, शेवटी आपल्या हाताला गुण हाय!" मी म्हणालो.

आजही आमच्या घरात कुणाचा पाय मुरगळला, तर आधी मला बाहेर काढतात आणि मग तेल गरम करतात.