अ‍ॅलर्जी घेऊन अगादीरला

सदानंद करंबेळकर हा माणूस ऑक्टोपसवर जगतो आणि त्याने आयुष्यात ऑक्टोपस खाल्लेला नाही. यात काही विसंगती आहे असं त्याला कधी वाटलं नाही. "सराफ काय दागिने खातो?" असं तो विचारतो.

टोकियोत, निशी-कासाईच्या आमच्या इमारतीत तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. दोन हजार सालानंतर तिथल्या एदोगावा भागात जे संगणकवाले येऊन पडले, त्यांच्यातच तोही ठाण्याहून आला. बाकीचे बँकांच्या प्रकल्पांवर चिकटले. सदानंदचा प्रकल्प वर्षभरात गुंडाळला गेला आणि त्याला घेतलं ते गोठवलेला ऑक्टोपस आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीने. जपानी माणूस आवडीने खातो त्यातला बराचसा ऑक्टोपस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येतो, ही माहिती ठाण्यात पोहोचलेली नव्हती. वडिलांना सदानंदने "एक्स्पोर्ट-इम्पोर्ट" एवढंच सांगितलं. वडिलांनी ते सगळ्या नातेवाइकांना अभिमानाने सांगितलं. कोणता माल, किती वजनाचा, कोणत्या बोटीतून कोणत्या गोदामात गेला, हे दाखवणारी यंत्रणा सदानंदने एकट्याने बांधली. प्राण्याशी संबंध पडद्यापुरता.

अडचण जेवणाची होती. जपानमध्ये आपण शाकाहारी आहोत असं म्हटलं की लोक आदराने मान हलवतात आणि मासे वाढतात. मासा म्हणजे मांस नव्हे, आणि माशाचं पाणी म्हणजे तर मासाही नव्हे, अशी तिथली प्रामाणिक समजूत. त्यावर आम्हा सगळ्यांचा एक ठरलेला उपाय होता. "अ‍ॅलर्जी आहे," म्हणायचं. या शब्दापुढे अख्खा जपान थांबतो. आचारी स्वतः बाहेर येऊन माफी मागतो. फरक इतकाच, की आम्ही तो शब्द हॉटेलात वापरायचो आणि बिल दिलं की आमची अ‍ॅलर्जी संपायची. सदानंदने तो पहिल्याच दिवशी, ऑफिसात त्याचा 'सादा-सान', म्हणजे सदानंदराव, होण्याआधीच वापरला. मासे, कोळंबी, ऑक्टोपस, सगळ्याची अ‍ॅलर्जी.

मग कंपनीने ती मनावर घेतली. त्याला शीतगृहात पाय ठेवायला बंदी झाली. पँट्रीतला एक कप्पा फक्त त्याचा झाला. माल चाखून बघायचे त्या दिवशी त्याला घरी पाठवू लागले. आणि डिसेंबरात, ऑक्टोपसच्या कंपनीच्या वर्षअखेरीच्या पार्टीतून ऑक्टोपस हद्दपार झाला. ही घोषणा खुद्द विभागप्रमुख हिरानो-साननी केली. सहकाऱ्याच्या जिवापेक्षा चव मोठी नाही, असं ते म्हणाले. त्या रात्री आणि पुढच्या प्रत्येक वर्षी ते सदानंदच्या शेजारी बसून काकडी आणि तोफू खात राहिले. सोबत म्हणून. 

अशी चार वर्षं गेली. २००६ साली कंपनीने ठरवलं की मोरोक्कोतल्या अगादीर या बंदरात, जिथून माल येतो त्या गोठवणी कारखान्यातही सदानंदची यंत्रणा बसवायची. काम नीट झालं तर हिरानो-सान शिफारस करणार आणि सदानंद कायम होणार. तोवर तो दर वर्षी नूतनीकरण होणाऱ्या करारावर होता, आणि व्हिसा त्या करारावर. पण ऑक्टोपसची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला ऑक्टोपसच्या कारखान्यात पाठवायचं कसं? हिरानो-साननी आठवडाभर विचार केला आणि म्हणाले, "मी बरोबर येतो. औषधं घेऊन."

त्या संध्याकाळी मी सदानंदकडे चहाला होतो.

"सांगून टाक ना एकदाचं," त्याची बायको वैभवी म्हणाली. "शाकाहारी आहे म्हणावं. गुन्हा आहे का?"

"आता? चार वर्षं त्यांनी माझ्यासाठी ऑक्टोपस सोडलाय, वैभवी."

"ऑफिसात सोडलाय. घरी हाणत असतील."

"खोटं बोललो हे कळलं ना, तर कायम होणं राहू दे, करारही जाईल. मग व्हिसा. मग हिची शाळा."

'ही' म्हणजे आर्या. पहिलीत होती. टीव्हीवरची नजर न काढता ती जपानीत काहीतरी म्हणाली.

"मराठीत बोल," वैभवी म्हणाली.

"बाबा खोटारडा आहे," आर्या मराठीत म्हणाली.

वैभवीने थोडा विचार केला. "मग असं कर. अंगावर काही उडालंच, तर खाजव. जोरात."

सप्टेंबरच्या शेवटी दोघे अगादीरला पोहोचले. टोकियोत वादळांचे दिवस होते. अगादीरला सकाळी समुद्रावर दाट धुकं आणि दुपारी लख्ख ऊन. युरोपचे पर्यटक परतीला लागले होते, किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटल्या होत्या. जुनं शहर भूकंपात गेलं आणि हे नव्याने बांधलंय, असं कळल्यावर हिरानो-सानना एकदम घरच्यासारखं वाटलं आणि त्यांनी हॉटेलातले बाहेर पडायचे दरवाजे तपासून घेतले. रमजान नुकताच लागला होता. त्यामुळे बंदरावरच्या मासे भाजणाऱ्या टपऱ्या दिवसा बंद. ही त्यांना सदानंदसाठी झालेली दैवी सोय वाटली. तरीही ते वाऱ्याची दिशा बघून पुढे चालत आणि सदानंदला मागून यायला सांगत. बंदरातल्या निळ्या होड्या, डोंगरावरचा पडका किल्ला, सगळं त्याने मास्कच्या वरून पाहिलं.

कारखान्याचा व्यवस्थापक इद्रिस हा पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस. जपानी खरेदीदारांशी व्यवहार करता करता तो जपानी शिकला होता. ती भाषा सगळी गोदामातली, तीत क्रियापदं थोडी आणि वजनं पुष्कळ. त्याने सदानंदसाठी काचेची केबिन धुऊन काढली होती. सदानंद आत काम करी. हिरानो-सान औषधांची पिशवी घेऊन दारात उभे. चहा नाही, पाणी नाही, कारण समोरचे सगळे रोज्याचे. जेवायच्या सुट्टीत ते फक्त घड्याळ बघत.

शेवटच्या दिवशी सगळं जुळलं, फक्त वजनकाट्यावरचा आकडा संगणकात येईना. काटा बाहेर, मालाच्या पट्ट्याशेजारी. सदानंदला बाहेर यावंच लागलं. वायर घट्ट बसवायला त्याने हातमोजे काढले, वाकला, आणि पट्ट्यावरचा एक ट्रे कलंडला. पडणारी वस्तू झेलणं हे हाताला शिकवावं लागत नाही. त्याने झेलली. गार, जड, बुळबुळीत. मेलेला असूनही ऑक्टोपसने मनगट धरलं, असं तो अजून सांगतो.

सगळा कारखाना जागच्या जागी थबकला. हिरानो-सान पिशवीची चेन उघडत धावत आले. नेमका त्याच क्षणी काट्यावरचा आकडा केबिनमधल्या पडद्यावर झळकला.

"आलं! आलं!" सदानंद मराठीत ओरडला आणि ऑक्टोपस हातात धरूनच काचेकडे धावला.

पडद्यावरचे आकडे वाचून झाल्यावर त्याला हिरानो-सानचा चेहरा दिसला. मग वैभवीचा सल्ला आठवला. त्याने घाईघाईने खाजवलं, पण कोपर. ऑक्टोपस मनगटावर होता.

हिरानो-साननी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. पुरळ नाही, लाली नाही, काही नाही. त्यांनी एक गोळी दिली. सदानंदने ती कोरडीच गिळली. इद्रिस हाताची घडी घालून हे बघत होता.

संध्याकाळी इद्रिसने रोजा सोडायला दोघांना घरी बोलावलं. बांग झाली, खजूर फिरले. सदानंदच्या पुढ्यात वेगळ्या भांड्यातलं मसुराचं सूप आलं आणि भाज्यांचा ढीग. गोळीने त्याचे डोळे जड झाले होते.

इद्रिसने तोंड पुसलं आणि हिरानो-सानकडे वळून आपल्या गोदामी जपानीत म्हणाला, "सादा-सान अ‍ॅलर्जी नाही. सादा-सान हिंदू. मासा नाही, मांस नाही. मी हिंदी पिक्चर पुष्कळ. सगळं माहीत. सूपमध्ये हाड नाही, मी सांगितलं बायकोला." आणि सदानंदच्या पाठीवर थाप मारली. आपला धर्म असा पाळणं ही त्याच्या देशात कौतुकाची गोष्ट होती.

सदानंदची झोप उडाली. एका घासात नोकरी, व्हिसा, शाळा.

"असं होय," हिरानो-सान म्हणाले आणि खजुराची बी ताटलीच्या कडेला ठेवली.

तेवढ्यात इद्रिसची बायको मोठं ताट घेऊन आली. खास जपानच्या पाहुण्यांसाठी, लिंबू आणि जिरं घातलेला ऑक्टोपस. इद्रिसने सगळ्यात मोठा तुकडा उचलून हिरानो-सानच्या ताटलीकडे नेला.

"थांबा!" हिरानो-सान ताटलीवर हात ठेवून म्हणाले. "माफ करा. सादा-सानना अ‍ॅलर्जी आहे. एकाच टेबलावर धोका आहे. कृपया हे आत न्या."

इद्रिसने आधी हिरानो-सानकडे पाहिलं, मग सदानंदकडे. पाहुण्याशी वाद घालायची त्याच्याकडे पद्धत नव्हती. ताट आत गेलं. हिरानो-साननी सदानंदपुढच्या भाज्यांत चमचा घातला.

परतताना ते किनाऱ्याच्या रस्त्याने चालत निघाले. आता टपऱ्या उघडल्या होत्या आणि धूर सरळ तोंडावर येत होता. हिरानो-साननी वाऱ्याची दिशा पाहिली नाही. सदानंदने सगळं सांगितलं, अगदी कोपरासकट, आणि हात शरीराला चिकटवून कमरेत वाकला.

"सादा-सान," हिरानो-सान म्हणाले, "ही कंपनी माझ्या सासऱ्यांनी काढली. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, ऑक्टोपस आवडतो ना? मी हो म्हणालो."

"मग?"

"रबर. लहानपणापासून मला ते रबर लागतं." "तुम्ही यायच्या आधी एकवीस वर्षं, दर डिसेंबरात, मी ते हसत खाल्लंय. सासरे समोर बसायचे."

एक मोठी लाट आली आणि गेली.

"शिफारस मी करणार आहे," ते म्हणाले. "काम उत्तम झालं. फक्त एक विनंती. बरे होऊ नका."

रात्री सदानंदने फोन लावला. "खाजवलंस का?" वैभवीने पहिलं तेच विचारलं.

एप्रिलमध्ये तो कायम झाला. हिरानो-सान आता निवृत्त आहेत, सासरेही गेले, म्हणून हे लिहायला हरकत नाही. पण त्या वर्षीच्या डिसेंबरातली पार्टी सांगायलाच हवी. हिशेब विभागात विद्या नावाची नवी मुलगी लागली होती, सेंदाईला शिकलेली, पुण्याची. तिने सदानंदच्या पुढ्यातल्या काकडीकडे पाहत सगळ्यांदेखत जपानीत विचारलं, "अशी अ‍ॅलर्जी कधीकधी वयाबरोबर जाते ना? एकदा तपासून का नाही बघत?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी मान वर केली. हिरानो-साननी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि सदानंदकडे पाहिलं.

सदानंदने शर्टाची बाही वर केली आणि खाजवलं. या वेळी मनगट.