चोकची दांडी

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी मी शेजारच्या काकूंच्या कुरडया काळ्या केल्या. बाबांचं आवरेपर्यंत जीप सुरू करून ठेवावी, एवढाच माझा चांगुलपणा. थंड इंजिन चटकन लागावं म्हणून चोकची दांडी पूर्ण बाहेर ओढली, इंजिन लागलं आणि दांडी परत आत ढकलायला विसरलो. काळा धूर भिंतीपलीकडे कुरडया वाळत घातलेल्या खाटेवर जाऊन बसला.

"भाऊ, जीप हाये का वीटभट्टी?" काकू ओरडल्या.

दारातून बाबा म्हणाले, "एवढ्या उन्हात चोक कोणी ओढते काय गा?"

जीप जवळपास माझ्याच वयाची. दोघंही चढावर धापा टाकतो. दर रविवारी तिच्यातून आम्ही बापलेक प्रताप नगरातून मौद्याकडच्या शेतावर जातो. बाबांची नजर मंदावली तसं मी त्यांच्याकडून स्टिअरिंग काढून घेतलं. चोक मात्र त्यांच्याकडेच राहिला. मी चावी फिरवतो. ते शेजारी बसून कान देतात, दांडी हवी तेवढी ओढतात, मग इंजिनाच्या आवाजावर हळूहळू आत सोडतात. त्या जीपमध्ये त्यांचं म्हणून तेवढंच उरलंय.

पण कुरडया प्रकरणानंतर मी हट्टाला पेटलो. नवा कार्बोरेटर टाकायचाच. दोघं मेकॅनिककडे गेलो. बाबा जीपमधून उतरले नाहीत.

"नवीन टाकून घ्या, भाऊ. एका चावीत चालू," मेकॅनिक म्हणाला. "चोक ओढाची झंझटच नाही. आपोआप होते."

"मग ही दांडी?"

"काढून टाकू. नाही तर राहू द्या, शोसाठी."

मला ती युक्ती फारच आवडली. दांडी जागेवर, बाबा खूश, गाडीही पळेल. मी आवाज खाली आणून म्हणालो, "राहू दे. त्यांना कशाला सांगायचं?"

माझा खालचा आवाज आमच्या घराण्यात कोणालाच खालचा वाटत नाही.

"काढूनच टाक गा," आतून बाबा म्हणाले. "खोटी दांडी धरून बसाले मी काय लहान पोट्टा हाये?"

आणि ते समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. हात मात्र दांडीवरच होता. तो तिथे आहे हे त्यांना माहीत नसावं.

मी मेकॅनिकला म्हणालो, "जुनाच खोलून साफ कर. जेट, वायसर, जे लागेल ते बदल."

मेकॅनिकने माझ्याकडे असं पाहिलं, जणू उन्हानं माझं डोकं फिरलंय. जीपची चढावरची धाप थोडी कमी झाली, फार नाही.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. बाबांचं मन राखलं म्हणून जरा फुशारकीनंच सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ते तर मले कधीचे म्हणून राहिले, रविवारी घरीच पडून राहावं वाटते, पण पोराले अजून इंजिनाचा आवाज समजत नाही, त्याले एकट्याले कसं सोडू?"