लांडग्याचा फोटो

भूमला आमचा फोटो स्टुडिओ होता. अब्बा लग्नाचे आणि लग्न जमवायचे फोटो काढत. प्रत्येक फोटोवर ते बारीक कुंचल्यानं हात फिरवत. देवीचे व्रण जात, बसलेली गालफडं भरत, डोळ्यांत चमक येई. कुणी हटकलं तर म्हणत, "गिऱ्हाईक आलं तसंच माघारी धाडायचं, तर आरसंच इकावं की." त्यांच्या कुंचल्यानं तालुक्यातली बरीच लग्नं जमली. तक्रार घेऊन कुणी आलं नाही, कारण तोवर वऱ्हाड जेवून गेलेलं असे.

मला मात्र माणसांचा कंटाळा आला होता. सोलापूरहून मी लांबचं जवळ दाखवणारी एक जुनी, हलकी लेन्स आणली आणि माळावर हरणांमागं फिरू लागलो. गाव याला रिकामटेकडेपणा म्हणे. गावाचं बरोबरच होतं.

एक दिवस माळावरचा म्हातारा मेंढपाळ दुकानात आला. इतरांच्या कळपातली मेंढरं मारली जात होती आणि आळ त्याच्या कुत्र्यावर होता. लांडगा आहे, असं तो एकटाच सांगत होता. पाटलांनी बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत दिली होती. पुरावा नसेल तर कुत्र्याला गोळी.

"तुमच्या त्या नळीनं लांडग्याचा फोटू काढा," तो म्हणाला. "माजं कुत्रं लई गुणाचं हाय. कोकरं त्याच्या अंगावर निजत्यात."

लांडगा ओढ्यावर येई तो दिवस मावळल्यावर, म्हणजे फोटोला लागणारा सगळा उजेड गेल्यावर. लेन्स इतकी हलकी, की जरा वारा सुटला की कॅमेरा लटलटे. मी तिपाईला दगडांची पिशवी बांधली, लेन्स पूर्ण उघडली, शटरचा वेग उतरवला आणि श्वास धरून बसलो. तो आला. लांब पाय, खाली सोडलेली शेपूट, खंगलेलं तोंड. माझ्याकडं बघत उभा राहिला आणि हलला नाही. आमची गिऱ्हाइकं एवढं ऐकत नसत.

फोटो अंधुक आला, पण लांडग्याचाच आला. मोठा करून वाळत टाकला आणि येरमाळ्याला एका लग्नाच्या कामाला गेलो. बाजाराच्या दिवशी तिथून थेट चावडीवर पोचलो. अब्बा पाकीट घेऊन आधीच बसले होते.

पाटलांनी फोटो बाहेर काढला. लांडग्याची गालफडं भरली होती. शेपूट वर झाली होती. डोळ्यांत चमक होती. कुठंही स्थळ म्हणून दाखवावा, असा दिसत होता.

"हे तर ह्याचंच कुत्रं," पाटील म्हणाले.

"न्हाय न्हाय, म्या नुसता हात फिरवला," अब्बा म्हणाले. "अंधुक आलता."

मी पळत जाऊन निगेटिव्ह आणली. पाटलांनी ती उजेडात धरली. "ह्यात तर पांढरं दिसतंय. लांडगा कुठं पांढरा असतो व्हय?"

दुपारी माळाकडून गोळीचा आवाज आला. अब्बांनी दुकानाच्या फळ्या लावल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण ते इतके खचले होते, की रागावणंही जमेना.

पुढच्या बाजाराला म्हातारा आला. मधे आणखी एक मेंढरू गेलं होतं. आता आळ घालायला कुणी उरलं नव्हतं. वाटलं, हा शिव्या देणार. त्यानं तो फोटो मागितला.

"पर बाबा, त्यो लांडगा हाय," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. पर आता माज्या कुत्र्यावानी दिसतोय. त्याचा दुसरा फोटू कुठं हाय?" मग तो अब्बांकडं वळला. "त्याचा डावा कान जरा फाटका हुता. तेवढं कराल का?"

अब्बांनी कुंचला भिजवला आणि थांबले. जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"किती फाटका?"

म्हातारा स्वतःच्या कानावर बोट ठेवून दाखवू लागला.