गप्प ऐकणारा चोर

पाकचिकांचा डावा हात उद या वाद्याच्या मानेवरून घसरला आणि मांडीवर पडला. पाणी न मारलेल्या पालकाच्या जुडीसारखा. उजव्या हातानं दोनदा नुसत्याच तारा छेडल्या आणि तोही थांबला. शेजारी उभी असलेली स्पॅनिश बाई सूर धरून होती. तिनं तो जमेल तितका ताणला, मग तिचाही श्वास संपला. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. सगळी शहाण्यासारखी गप्प. एसीचा आवाज तेवढा येत होता.

गप्प बसणं म्हणजे सभ्यपणा, असं तिथं सगळ्यांना वाटत होतं. पाकचिकांचं मत उलटं. "गप्प ऐकतो तो चोर," असं ते म्हणायचे. म्हणताना बोट आधी स्वतःच्या कानाच्या पाळीला लावायचे आणि मग समोरच्याकडे रोखायचे. माझ्याकडे तर रोज.

पाकचिक म्हणजे मलाय भाषेत काका. आंग मो किओ या वस्तीतला आमचा सगळा ब्लॉक त्यांना तसंच म्हणे. खरं नाव लेटरबॉक्सवर इंग्रजीत होतं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं जुळवायला मला वेळ लागतो, तो मी कधी लावला नाही. चार पिढ्यांपूर्वी येमेनकडून जहाजानं आलेलं त्यांचं अरब घराणं. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कापडाच्या दुकानात काढली. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून मोडकं हिंदी शिकले होते. मी साताऱ्याच्या मंडईत तीस वर्षं भाजी विकलेली, माझंही हिंदी तसलंच. म्हणून आमचं जमलं.

ओळख भांडणानं व्हायची होती. मी इथं परदेशात मुलाकडे आले ते दोन हजार बाराच्या सुमाराला. मुलगा आणि सून दोघंही वन-नॉर्थ नावाच्या भागात कॉम्प्युटरच्या कामावर. सुनेनं शनिवारी फ्लॅमेंको नावाचा स्पॅनिश नाच शिकायला घेतला होता. बुटांच्या टाचेला खिळे, आणि घरी सरावाला एक लाकडी फळी. मी म्हटलं, खालचे लोक एक दिवस येऊन मारतील. ती म्हणाली, "आई, मी सातच्या आत थांबवते."

एका रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर पांढरी टोपी, चौकड्यांची लुंगी, किडकिडीत म्हातारा. आमच्या बरोबर खालच्या घरातला. मी पदर खोचला आणि बोलणी खायला तयार राहिले. त्यांनी आत पाहिलं आणि विचारलं, नाचतंय कोण? सून पुढे झाली, माफी मागायला लागली. ते म्हणाले, "बारा ठोके आहेत. तू अकरावरच संपवतेस. महिना झाला, मी खाली बाराव्याची वाट बघत बसतो."

सुनेनं मोजून पाहिलं. खरंच एक ठोका ती खात होती.

पुढच्या शनिवारी ती त्यांना क्लासला घेऊन गेली. मीही गेले, घरी बसून काय करणार. त्यांनी खांद्यावर कापडात गुंडाळलेलं उद घेतलं होतं. उद म्हणजे अरबांचं तारांचं वाद्य. मागून पाहिलं तर अर्धा चिरलेला भोपळा. मी तसं म्हटलं, तर ते लिफ्टमध्ये हसत सुटले आणि म्हणाले, मकचिक, पोकळ भोपळाच वाजतो. मकचिक म्हणजे मावशी. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण त्यांनी मला तेच लावून टाकलं.

शिकवणारी बाई स्पेनच्या दक्षिणेकडची. रुंद हाडाची, कपाळावर घाम, बोलणं तुटक. नाच शिकवताना मधेच गाऊन दाखवायची. गाणं कसलं, आरोळीच ती. आधी नुसता एक "आय", तोही पोटातून ओढून आणलेला. एका तरुणाची गिटार साथीला होती. एका जागी तिचा गळा असा काही घसरला की गिटारचा सूर तिथं पोचेना. वर लागे नाहीतर खाली लागे. ती मान हलवून पुढे गेली, सवय असल्यासारखी.

पाकचिक उठले. उद मांडीवर घेतलं, माल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा चिमटीत धरला, त्यानंच ते वाजवत, आणि तारेवर बोट ठेवून एकदाच छेडलं. बरोबर तीच जागा. तिचा गळा गेला होता ती.

बाई खुर्चीवर बसली. तिनं पुन्हा तो घसरता सूर लावला. त्यांनी पुन्हा वाजवला. असं पाच-सहा वेळा झालं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

मग त्यांनी मला दाखवलं, कारण मला कळलं नाही हे त्यांना दिसलं होतं. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात. उदची मान साफ, एकही पट्टी नाही. ते म्हणाले, "जिन्यावर दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहता येतं का? उताराला येतं. गिटार म्हणजे जिना. उद उतार, आणि हिचा गळा पण उतार."

हे मला एकदम कळलं. मंडईत मी तीस वर्षं 'मेथी घ्या' ओरडले, त्यातला 'घ्या' पायरीवर थोडाच होता.

मग त्यांनी सांगितलं की अरब लोक सातशे वर्षांहून जास्त स्पेनमध्ये होते. तिथून त्यांना घालवलं. माणसं गेली तरी गळा राहिला असं त्यांचं म्हणणं. सुनेनं फोनवर शोधून सांगितलं की हे गाणं गाणारी भटकी जमात मुळात आपल्या हिंदुस्थानातून गेलेली, त्यांचाही यात वाटा आहे. पाकचिक म्हणाले, असेल. कुणी किती घातलं ते लिहून कोण ठेवतं. रश्श्यात मीठ कुणी टाकलं ते शेवटी कळतं का.

तेव्हापासून रोज दुपारी ते ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी उद घेऊन बसत आणि मी समोर मेथी निवडत बसे. कुणीतरी तक्रार केली तेव्हा तारांखाली रुमाल दडपून वाजवायला लागले. आवाज उंदराएवढा. तरी वाजवत. मधेच एखादी जागा अशी घेत की माझा हात देठावर थांबे. मी मान खाली घालून राही. मग त्यांचं बोट कानाला, आणि माझ्याकडे. "चोर."

ते म्हणत, आमच्यात ऐकणारा बोलतो. चांगली जागा आली की आरोळी देतो, उसासा टाकतो, थांबलेल्याला पुढे ढकलतो. सुनेनं विचारलं तर ती स्पॅनिश बाई म्हणाली, त्यांच्याकडेही तसंच. ऐकणाऱ्यानं काही दिलंच नाही तर वाजवणारा कशावर वाजवणार? मी म्हटलं, मी जन्मभर ओरडले, आता शिल्लक नाही. आणि तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही. पोरगा इंजिनियर झाला तेव्हासुद्धा मी त्याला जेवून घे एवढंच म्हटलं होतं.

डाव्या हाताचं मला आधी कळलं. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा घेताना ते कप दोन्ही हातांनी धरायला लागले. मी विचारलं. मी गोड बोलून विचारत नाही, सरळ विचारते. कंपवात, म्हणाले. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतली की पाऊण तासानं हात सुटतो, मग दीडेक तास आपला असतो, मग परक्याचा. हे दुसऱ्या कुणाला सांगू नका म्हणाले. मी सांगितलं नाही.

त्यांना एकच हवं होतं. त्या बाईबरोबर एकदा, माणसांसमोर, रुमाल न दडपता वाजवायचं. त्या पायऱ्यांमधल्या जागेवर दोघांनी एकदम उभं राहायचं. बाईनं क्लबात हॉल मिळवला. रविवार, दुपारी चार. त्यांचं वाजवणं साडेचारला. पाकचिकांनी माझ्यासमोर बोटांवर हिशेब केला. पावणेचारला गोळी.

पाहुणे उशिरा आले. मग त्यांची भाषणं झाली. एकानं आभार मानले, दुसऱ्यानं पहिल्याचे मानले. फोटो काढले. मुलींचे नाच झाले, माझी सूनही नाचली, बारा ठोके पुरे केले. मी घड्याळ बघत होते आणि पाकचिक कडेच्या खुर्चीत डावा हात मांडीखाली दाबून बसले होते. जादा गोळी घ्यायची डॉक्टरनं मनाई केलेली. ते वाजवायला बसले तेव्हा सहा वाजत आले होते.

पहिली काही मिनिटं हात त्यांचा होता. ती मिनिटं मी सांगू शकत नाही, एवढं चांगलं होतं. मग तो पडला.

लोकांनी फोन उंच धरून चित्रण चालवलं होतं. हात पडल्यावर सगळ्यांनी लाजून फोन खाली घेतले. म्हाताऱ्याची फजिती कोण टिपणार. आयोजकांतली एक मुलगी पडदा ओढायला उठली. पाकचिकांनी मान वर करून हॉलभर पाहिलं आणि मी दिसताच थांबले. कानाकडे बोट न्यायला हात मोकळा नव्हता, एक पडलेला, दुसऱ्यात पट्टी. नुसतंच पाहिलं.

मी उभी राहिले. मंडईच्या आवाजात म्हटलं, "येऊ द्या."

माना वळल्या. मी पुन्हा म्हटलं, "पाकचिक, येऊ द्या. मी आहे."

विंगेत लाल झग्यातली माझी सून टाळ्या वाजवायला लागली. बारा, मोजून. बाईनं टाच आपटली. पाकचिकांनी उद हळूच उताणं निजवलं, आणि ज्या माणसानं माझ्यासमोर कधी गुणगुणलं नव्हतं, आपला गळा दुकानाच्या शटरसारखा आहे असं जो सांगायचा, तो गायला लागला. दोनच शब्द. 'या लेल.' हे रात्री, असा अर्थ, अरबांची गाणी यानं सुरू होतात म्हणे. गळा शटरचाच होता. पण त्यानं उतार धरला, आणि त्या जागेशी येऊन थांबला, आणि बाईनं तिथंच आपला 'आय' लावला.

मी डोळे मिटले नव्हते. त्यांची तोंडं मला दिसत होती. तरी कुठला आवाज कुणाचा ते मला सांगता येईना. माझ्या अंगावर काटा आला. नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. इतकी वर्षं वेगळी राहिलेली दोन माणसं अंधारात एकाच भिंतीला हात लावून उभी आहेत, असं काहीतरी वाटलं. शेजारची चिनी म्हातारी मोठ्यानं "आय्या" म्हणाली. मागून कुणी मलायमध्ये ओरडलं. मग सगळा हॉल द्यायला लागला, ज्याला जे येत होतं ते.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. त्यांचा कप मी धरला. दोन घोट झाल्यावर ते म्हणाले, "मकचिक, चोरी फिटली."

मी म्हटलं, चहा निवतोय.

उद त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. बाई पुढच्या वर्षी तिच्या देशी परत गेली. पाकचिक त्यानंतरच्या वर्षी गेले. सकाळी कळलं आणि दुपारच्या आत माती झाली, त्यांच्यात थांबत नाहीत. मातीला पुरुष तेवढे गेले. मी खाली दगडी टेबलाशी बसून राहिले. सवयीनं मेथी नेली होती, ती निवडली.

त्या गाण्याचं चित्रण कुणाकडे नाही. सुनेला ठोके आठवतात, गाणं नाही, ती मोजत होती. आता मी ब्याऐंशीची आहे. मी ते ऐकलं, आणि गप्प बसले नाही.