पिवळ्या कागदावरची माझी सूचना

वहिनीच्या पांढऱ्या शेवंतीचं जे झालं त्याला कारण मी, हे आमच्या घरात कुणीच मला बोलून दाखवत नाही. दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आमच्याकडे असं काही झालं की सगळे माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या मळ्याला लागून, ओझरकडे जाणाऱ्या हायवेवर, एका मोठ्या मालवाहतूक कंपनीने डेपो बांधला. मळ्याच्या आणि डेपोच्या मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे वहिनीचे शेवंतीचे वाफे, पलीकडे ट्रकची रांग. ट्रकचं तोंड पूर्वेला गेटकडे आणि पाठ आमच्याकडे. उजाडायच्या सुमाराला एकेक इंजिन सुरू व्हायचं, ब्रेकची हवा भरेपर्यंत गुरगुरत राहायचं आणि सगळा धूर भिंतीवरून शेवंतीवर. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पांढऱ्या शेवंतीला मोठी मागणी. वहिनी ओढ्याच्या पाण्यात फुलं बुडवून झटकायची, तरी पाकळ्यांच्या बुडाशी काजळी राहायचीच. फूलबाजारातला व्यापारी टोपलीत हात घालायचा आणि बोटं तिच्यासमोर धरायचा. बोटं काळी असायची.

मोठा भाऊ ओझरच्या विमान कारखान्यात, पहाटेच कामाला जाणारा. शेवंती सगळी वहिनीची. सासरी आल्यावर तिने स्वतः रोपं लावली, स्वतः वाढवली, आणि घरात तिचं म्हणून जे काही होतं ते हे चार वाफे.

अशात एक दिवस कंपनीचं जाड कागदाचं निमंत्रण आलं. ‘हितसंबंधीयांशी संवाद : उद्याची दिशा आणि पर्यावरण.’ माझ्या नावाने. मी हायस्कूलात शिक्षक, गावातल्या गॅदरिंगचा ठरलेला वक्ता; कंपनीला कुणीतरी माझंच नाव सुचवलं असणार.

“हितसंबंधी म्हणजे काय हो भाऊजी?” वहिनीने विचारलं.

“ज्याचं त्यात हित गुंतलेलं आहे तो.”

“मग मला का नाही बोलावलं?”

मी म्हणालो, “अहो, मी आहे ना.” हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी पुढे काहीतरी बिघडलेलं आहे.

“बरं, मग एवढंच सांगा,” ती म्हणाली. “धूर आमच्या फुलांवर येतो, ट्रक दुसरीकडे उभे करा. भाषण करू नका.”

मी भाषण पाठ केलं.

सभेत आधी सत्कार. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पेट्रोलपंपवाले आणि मी, अशा सगळ्यांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. आता खांद्यावर ज्यांची शाल आहे त्यांनाच ‘तुमचा धूर येतो’ म्हणायचं कसं? शाल घसरत होती, नारळ मांडीवरून गडगडत होता आणि मला अतिशय सभ्य वाटत होतं. मग कंपनीच्या साहेबांनी रंगीत कागद वाटले. तरुण, हसरे, आमच्याशी शुद्ध मराठी बोलायची पराकाष्ठा करणारे साहेब होते ते. निळ्या कागदावर अडचण लिहायची, पिवळ्यावर भविष्यासाठी सूचना. आमच्या टेबलावर निळे कागद कमी पडले. मी म्हटलं, असू दे, पिवळाच द्या. शेजारच्या चेअरमनांनी आपल्या कागदावर ‘प्रगती होवो’ असं लिहिलेलं मी पाहिलं, आणि शिक्षकाचा अभिमान जागा झाला. सुवाच्य अक्षरात मी लिहिलं : ‘डेपोतील मोकळ्या जागेत वृक्षारोपण करावे. येणाऱ्या पिढ्या आपल्याला दुवा देतील.’ टाळ्या पडल्या. साहेबांनी तो कागद फळ्यावर अगदी मधोमध लावला.

घरी आल्यावर वहिनीने शालीकडे पाहिलं.

“सांगितलं?”

“वातावरणनिर्मिती केली,” मी म्हणालो.

“वातावरण काळंच आहे भाऊजी, तुम्ही अजून काय निर्माण केलं?”

पुढच्या वर्षीच्या सभेत मात्र मी शाल स्वीकारायच्या आधीच हात वर केला. सांगितलं : ट्रकचा धूर भिंतीपलीकडे फुलांवर येतो, तोंडं फिरवा. साहेबांनी मन लावून ऐकलं, दोन वेळा लिहून घेतलं, ‘अतिशय मौलिक’ म्हणाले आणि आठवड्याभरात डेपोत नोटीस लागली : सर्व वाहने तोंड भिंतीकडे करून उभी करावीत. मी वहिनीला ती नोटीस नेऊन दाखवली. दोन दिवस माझा चहा जास्त गोड होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे ट्रक पूर्ववत, पाठ आमच्याकडे. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “सूचना अमलात आणलेली आहे, सर. अहवालातसुद्धा आली आहे.” मला अहवाल दाखवला. आली होती. खिडकीतून ट्रक दिसत होते, उलटे. साहेबांनी एकदाही मान वळवली नाही. मीही, खरं सांगायचं तर, बोट दाखवलं नाही. चहा पिऊन आलो. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी मोठमोठ्याने एकटाच बोलत होतो असं आमच्या दूधवाल्याने नंतर घरी सांगितलं.

शेवटी वहिनीनेच भिंतीला शिडीसारखा लाकडी घोडा लावला, वर चढली आणि पलीकडे दात घासत उभ्या असलेल्या एका वयस्क ड्रायव्हरला हाक मारली. तो नांदगावकडचा होता. मी खाली घोडा धरून उभा.

“दादा, तुमच्या साहेबांनी गाड्या फिरवायला सांगितल्या ना?”

“सांगितल्या की. पन ताई, सकाळी पैली गाडी आमी मागं घेत नाय.”

“म्हंजे?”

“भिंतीकडं तोंड करून लावली तं सकाळी निघताना आधी रिव्हर्स मारावा लागंल. दिवसाची सुरवात उलटी नाय करत कुनी. अगरबत्ती लावायची, उगवतीकडं तोंड, न् गाडी पुढंच काढायची. साहेबाला काय, त्याला घाट उतरायचा नाय.”

“मग हे साहेबांना सांगितलं का नाही?”

“आमाला इचारलंच कुनी? ते सभेच्या दिवशी आमाला गाड्या घिऊन भाईर थांबायला सांगत्यात. गर्दी दिसाया नको म्हून.”

वहिनीने खाली माझ्याकडे पाहिलं. मी घोड्याचे पाय जरा जास्त घट्ट धरले.

“हे बघा दादा,” तिने शेवंतीचं एक फूल त्याच्या हातात दिलं. त्याने पाकळ्या अंगठ्याने पुसल्या, मग अंगठा पाहिला.

“अरारा,” तो म्हणाला. “लय वाईट. आमी इथं लावतो ते निस्तं सावलीसाठी, दुपारून भिंतीची सावली पडती म्हून. तिकडं गेटाच्या बाजूला आख्खं मैदान मोकळं हाय. तिकडं लावू. तोंड उगवतीलाच ऱ्हाईल. जेवायला इकडं येऊ सावलीला.”

एवढंच. दोन वर्षं, दोन शाली, आणि काम घोड्यावर चढून पाच मिनिटांत. त्या मार्गशीर्षात शेवंती पांढरीशुभ्र निघाली. व्यापाऱ्याने टोपलीत हात घातला, बोटं पाहिली आणि धोतराला पुसायचीही गरज पडली नाही. वहिनीने ड्रायव्हरच्या गाडीला चार गुरुवार हार पाठवले. मी शाळेत मुलांना संवादाचं महत्त्व सांगितलं. हो, मीच सांगितलं.

आणि मग तिसरं निमंत्रण आलं. या वेळी आग्रह होता : सरांनी कुदळ मारावी, सरांच्या हस्ते पहिलं रोप. मी स्वच्छ कपडे करून गेलो. मंडप, शाल, नारळ. साहेब मला हाताला धरून गेटाच्या बाजूच्या मैदानावर घेऊन गेले. मैदानभर खड्डे. ओळीने, मोजून, प्रत्येक खड्ड्याशेजारी रोप.

“साहेब,” मी हळूच म्हणालो, “इथे गाड्या लागतात.”

“त्या पुन्हा भिंतीकडे जातील. पूर्वीसारख्या.” साहेबांनी प्रेमाने फाईल उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत माझा पिवळा कागद. सुवाच्य अक्षर. ‘मोकळ्या जागेत.’ “सर, आलेल्या सगळ्या सूचनांत ही एकच आम्हाला शब्दशः पूर्ण करता आली.”

गेटाबाहेर ड्रायव्हर उभे होते, गाड्या घेऊन. तो नांदगावचाही होता. भिंतीपलीकडे, घोड्यावर चढलेली वहिनी होती. फक्त तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. फोटोग्राफर म्हणाला, “सर, इकडे बघा.” माईक माझ्या तोंडाशी आला. ‘नको’ म्हणायला फार तर एक श्वास लागला असता. तो श्वास मी ‘आजच्या या मंगल प्रसंगी’ यात खर्च केला. सवय.

मी रोप लावलं. पाणीसुद्धा घातलं.

घरी आलो तेव्हा वहिनी ओसरीवर शेंगा निवडत होती. मी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली : निळे कागद संपले होते, पिवळा उरला होता, चेअरमनांनी असं लिहिलं म्हणून मी तसं. तिने ऐकून घेतलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “त्यांना दोष नाही. त्यांनी तुमचं ऐकलं.”

पुढच्या हंगामात तिने ते चारही वाफे उपटले आणि झेंडू लावला. झेंडूवरही काजळी बसते, पण केशरी रंगात ती पटकन दिसत नाही आणि तोरणाचं फूल कुणी बोटाने पुसून पाहत नाही. पांढरी शेवंती तिने पुन्हा कधी लावली नाही. पलीकडे गेटाजवळची झाडं मात्र झपाट्याने वाढली. आता त्यांची दाट सावली पडते आणि दुपारी ड्रायव्हर तिथेच जेवतात. गाड्या भिंतीलाच असतात.

शाली वहिनीने मागून घेतल्या. पहाटे तोडलेल्या झेंडूच्या टोपल्यांवर धूर बसू नये म्हणून ती त्या अंथरते. तिन्ही पुरत नाहीत म्हणते. “आणखी एखादी सभा असली तर जाऊन या.”