मामाला आणायला कोणी गेलं नाही

फोनमधल्या नकाशावर माझा राग आहे. आता तो कोणी काढायच्या भानगडीत पडू नये.

तसा राग जुनाच. सुरतेत आम्ही लिंबायतला राहतो. आमच्या गल्लीला त्या नकाशात नाव नाही, पण कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीला आहे. पार्सल घेऊन येणारी पोरं तिथे उभी राहून फोन करतात आणि मलाच विचारतात, "मासी, आप कहाँ हो?" मी घरात आहे, बाबा. पंचवीस वर्षांपासून इथेच बसून साड्यांचे धागे कापते आहे. हरवला आहेस तू.

मुलीचं मात्र त्या फोनशिवाय पान हलत नाही. ती कापड मार्केटमध्ये एका दुकानाच्या ऑफिसात काम करते. तिच्या लग्नाचा शालू घ्यायला गेलो तर दुकानदारानं तो उलगडलाच नाही. मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि मोठ्या पडद्यावर एकामागून एक सहा शालू तिच्या अंगावर चढवले. ती खूश झाली. मी म्हटलं, मला कापड हातात द्या. दुकानदार हसला. ज्या बाईचं आयुष्य साड्या हाताळण्यात गेलं, तिला हा माणूस चित्र दाखवत होता. मी बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय एकही घेऊ दिला नाही. तिथे मी माझा हेका चालवला. जिथे चालवायला हवा होता, तिथे सोडून दिला.

आमच्या खानदेशात मामाला लग्नाची नुसती पत्रिका देऊन भागत नाही. लग्नाच्या दिवशी घरातलं माणूस त्याच्या दारात जातं आणि त्याला सोबत घेऊन येतं. मामा नवरीला मंडपात आणतो आणि लग्न लागेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. माझा एकुलता एक मोठा भाऊ सुरतेबाहेर चलथाणला असतो. साखर कारखान्यात त्याची उभी हयात गेली. बायको गेली, मूलबाळ नाही. माझ्या मुलीला त्यानं खांद्यावर खेळवलं आहे. ती जन्मली तेव्हापासून तो एकच गोष्ट सांगत आला होता, की हिच्या पाठीशी मी उभा राहणार.

लग्न दुपारचं होतं. वाडी, म्हणजे इकडे लग्नाच्या हॉलला म्हणतात ती, घरापासून लांब, मिलच्या भागात मिळाली होती. सकाळी इतकी धावपळ, की चलथाणला जायला माणूसच निघेना. माझा नवरा म्हणाला, मी जातो. मुलगी म्हणाली, कशाला? तिनं आपला जुना फोन मामाला आधीच देऊन ठेवला होता आणि चार रविवार बसून शिकवलाही होता. बसमधून उतरलं की फोन उभा धरायचा, कॅमेऱ्यातून रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावर निळे बाण तरंगतात. बाण दाखवेल तिकडे चालायचं. माझ्यासमोरच तिनं त्याला बजावलं होतं, "मामा, कोणालाच विचारू नका. लोग गलत बताते हैं. फक्त बाणाच्या मागे चला."

त्यानं शाळेतल्या पोरासारखी मान हलवली होती. तिनं सांगितलेलं तो मोडणार नव्हता.

मी म्हणायला हवं होतं की बाण पोचवो न पोचवो, आपलं माणूस गेलंच पाहिजे. पण पाहुणे येत होते, हळदीची ताटं सापडत नव्हती. मी म्हटलं, बरं, येऊ दे त्याला त्याचा. हे मीच म्हटलं.

मुहूर्त जवळ आला तरी भाऊ आला नाही. माझा फोन पिशवीत, पिशवी सामानाच्या खोलीत, आणि दारात बँड. नंतर पाहिलं तर त्याचे अकरा फोन येऊन गेले होते. गुरुजी घाई करायला लागले. नवरदेवाकडची माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी माझ्या चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. मुलगी अंतरपाटाआड उभी होती आणि दाराकडे बघत होती. गुरुजींनी दोनदा सांगितलं, समोर बघ. मंगलाष्टकं झाली, टाळ्या झाल्या, लग्न लागलं.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर भाऊ आला. बाजूच्या मिलचा वॉचमन त्याला हाताला धरून घेऊन आला होता. पांढरा सदरा घामानं चिकटलेला, डोक्यावर टोपी नीट, बगलेत आहेराची पिशवी. एका हातात तो फोन अजून उभाच धरलेला.

वॉचमननं सांगितलं ते असं. नकाशानं भावाला वाडीच्या मागच्या गल्लीत नेलं होतं. तिथे पूर्वी फाटक होतं, ते विटांनी बंद करून वर्षं झाली. नकाशाला त्याचा पत्ता नाही. बाण सरळ भिंतीत शिरत होता आणि फोनमधली बाई हिंदीत सांगत होती, आप पहुँच गए हैं. मिलला सुट्टी, गल्लीत चिटपाखरू नाही. भाऊ भिंतीकडेनं थोडा पुढे गेला की बाण त्याला मागे वळवायचा. पुन्हा भिंत. वॉचमन फेरी मारत आला तेव्हा म्हातारा भिंतीला खांदा टेकून उभा होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तो फोन त्याच्या हातातून ओढला आणि मुलीच्या पुढ्यात टाकला. नव्या नवरीसमोर, तिच्या सासरच्या माणसांदेखत. मी काय काय बोलले ते आता लिहिणार नाही. ती रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही, निदान तेव्हा नाही. त्या यंत्रावर ओरडून काय होणार, म्हणून मी लेकीवर ओरडत होते. आणि स्वतःवर ओरडता येईना, म्हणूनही.

भावानं मला बाजूला केलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवीतून साडी काढून तिच्या ओटीत घातली. मी त्याला विचारलं, "दादा, इतका येळ तू तठे काय करे?"

"मंगलाष्टकं आयकू येत व्हतात," तो म्हणाला. "लगीन लागेपावत मी बसनू नही, बाई."